डिप्रेस्ड की मेलन्कली?
सुट्टी संपली की ऑफिसच्या इंग्रजीत सहज म्हटले जाते, ‘आय ॲम डिप्रेस्ड.’ खरे तर ती नुसती हुरहूर असते. त्यासाठी इंग्रजीत मेलन्कली हा शब्द आहे: ‘आय फील मेलन्कली टुडे.’ शब्द मूळचा ग्रीक, अर्थ काळे पित्त. ते वाढले की माणूस उदास होतो, असे प्राचीन वैद्य मानत. आज रोजच्या बोलण्यात तो शांत उदासीपुरता उरला आहे.

डिप्रेशन मात्र आजार आहे. त्यात किमान २ आठवडे, जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ मन खचलेले राहते किंवा कशातच रस वाटत नाही. प्रत्येक हुरहुरीला आपण तेच नाव देत राहिलो, तर खरोखर आजारी सहकाऱ्याचे ‘आय ॲम डिप्रेस्ड’ आपल्या कानांवर पडेल, पण ऐकू येणार नाही.