‘बरं आहे’ म्हणजे मोजमाप नव्हे

ताप किती आहे हे आपण तापमापीवर पाहतो. मग दम्याच्या बाबतीत ‘बरं आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान का मानावे?

१९९९ साली पश्चिम युरोपातील ७ देशांत दम्याच्या रुग्णांची पाहणी झाली. डॉक्टर, औषधे, पैसा यांची वाण नसलेले हे देश. तरीही दमा आटोक्यात असल्याच्या सर्व कसोट्यांना उतरलेली मुले शेकडा ६ सुद्धा नव्हती! त्याहून नवल असे, की तीव्र त्रास असलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचे उत्तर ‘दमा आटोक्यात आहे’ हेच होते.

असे का व्हावे? रोज खोकणाऱ्याला खोकल्याची सवय होते; धावता न येणारे मूल मैदानाच्या कडेला बसायला शिकते. इकडे श्वासनलिका आतून सुजून अरुंद होत असते. पदार्थविज्ञान सांगते, की नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर संथ प्रवाहाला होणारा विरोध १६ पट होतो. मुलांच्या श्वासनलिका तर मुळातच बारीक!

म्हणून माझे मत असे, की औषधाबरोबर एक वहीही हवी. आठवड्यात किती रात्री जाग आली? खेळताना किती वेळा थांबावे लागले? तात्पुरता आराम देणारा फवारा किती वेळा घेतला? हे आकडे डॉक्टरांना दाखवावेत.

तुमच्या वर्गातही असा एखादा मित्र असेल. त्याला ‘बरा आहेस ना?’ एवढेच विचारू नका. ‘काल रात्री किती वेळा उठलास?’ असे विचारा.