माजघरातला स्टुडिओ

लोणची-पापड, शिवणकाम, पाळणाघर हे घरबसल्याचे उद्योग आपल्या ओळखीचे. पण घरातली एक खोली गायक-वादकांना तासाच्या हिशेबाने ध्वनिमुद्रणासाठी द्यायची म्हटलं की अजून पुष्कळजणी तोंडाला पदर लावतात. त्यात नवल ते काय? १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांच्या गाण्याच्या तबकड्या निघाल्या, त्या काही मोठ्या स्टुडिओत नव्हे, हॉटेलच्या खोलीत. भोंग्यासमोर तीन मिनिटांत गाणं आटपायचं नि शेवटी स्वतःचं नाव सांगायचं, असा तेव्हाचा प्रकार.

आम्ही मिरजेला राहतो. इथे गल्लोगल्ली सतार-तंबोऱ्याचे कारागीर, त्यामुळे वाजवणारे आणि गाणारे घरी येत-जात असतातच. यजमान तबला वाजवतात. मी सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते आणि दुपारी यंत्रापाशी बसते. मीच बसते, हे मुद्दाम सांगतेय; कारण हे काम शिकायला पुरुषच लागतो असा एक समज आहे. शिवणयंत्र ज्या हाताला वळतं, त्याला हेही वळतं.

आता खोलीचं. दुकानदार आधी मायक्रोफोन दाखवील, पण पहिले पैसे खोलीवर घाला. दहा बाय दहाची चौरस, उघड्या भिंतींची खोली म्हणजे आवाज घुमलाच म्हणून समजा. दोन्ही बाजू सारख्या असल्याने तेच ते खर्जाचे सूर दोन्हीकडून फुगतात, आणि डग्गा ढम्म ऐकू येतो. लांबट खोली मिळाली तर ती घ्या. फरशीवर जाड सतरंजी, गाणाऱ्याच्या पाठीमागे गोधड्या, आणि कोपऱ्यात कापसाच्या गाद्या उभ्या करून ठेवा. गादी भिंतीपासून चार बोटं सुटी असावी, म्हणजे ती जास्त काम करते. साड्यांनी भरलेलं कपाट असेल तर दारं सताड उघडी ठेवा. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. खर्जाच्या आवाजाला ते काही करत नाहीत आणि पेट मात्र पटकन घेतात.

आणि एक लक्षात घ्या, गोधड्यांनी घुमणं कमी होतं, आवाज शेजारी जायचा थांबत नाही. त्याला जड दार आणि बुजवलेल्या फटी लागतात. तेवढा खर्च झेपत नसेल तर दुपारची वेळ ठरवावी, आणि शेजारच्या वहिनींना आधी सांगून ठेवावं. राहत्या वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तेव्हा रात्रीचा तबला नकोच.

मुद्रण चालू असताना पंखा बंद, फ्रिजही बंद. फ्रिज पुन्हा लावायचा राहून गेला की दूध नासलंच. म्हणून मी स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते. ती काढल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. कुकर मात्र मुद्रणाआधी उतरलेला असावा.

घरात थोडाफार गलका असणारच असेल तर फार हळवा कंडेन्सर मायक्रोफोन घेऊ नका. तो आवाज छान घेतो, तशी मागच्या गल्लीतली भांडीही घेतो. साधा डायनॅमिक बरा. तो गाणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर ठेवा. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना फुंकर बसते; तिला भरतकामाच्या रिंगवर जुना पातळ नायलॉनचा मोजा ताणून मध्ये धरा, बाजारातली जाळी घ्यायची गरज नाही. तानपुरा स्पीकरवर न लावता कानातल्या हेडफोनमध्ये द्या, नाहीतर तो गळ्याबरोबरच मुद्रित होतो आणि मग काढता येत नाही.

भजनी मंडळाच्या बायका येतात तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो: “तुकोबांचा अभंग आहे, आपलाच की, इंटरनेटवर घालायला कुणाची परवानगी?” शब्द सगळ्यांचेच, पण चाल तशी असेलच असं नाही. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले. संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं त्याच्या चालींवर हक्क राहतो, म्हणजे त्यांच्या चालींवर २०७१ अखेरपर्यंत. गावातली परंपरेची चाल म्हणा, प्रश्नच मिटला. मला तरी तीच ऐकायला अधिक आवडते.

राहिला पैसा, आणि खरी ओढाताण इथेच असते. यंत्र घरात आलं की “वहिनी, दहाच मिनिटं” म्हणणारे नातलगही येतात. दहा मिनिटांचे दोन तास होतात, चार वेळा चहा होतो, मुलांचा अभ्यास स्वयंपाकघरात सरकतो, आणि हे सगळं ‘घरचंच’ म्हणून धरलं जातं. घरचं म्हणजे तुमचं, हे कुणी म्हणत नाही! दर लिहून दारावर लावा. निम्मे पैसे आगाऊ घ्या. वहीत गाणं किती वेळ झालं ते लिहा, तसा तुम्ही मुद्रण साफ करायला बसलात तो वेळही लिहा. एका गाण्याला गाण्याहून तोच जास्त लागतो. चहाला वेगळा रकाना ठेवा. आणि महिन्याची बेरीज तुमच्या नावच्या खात्यात जाऊ द्या, ‘संसारात’ नको. तिथे गेलेला पैसा कुणाचा होता हे दिवाळीपर्यंत कुणाला आठवत नाही.

यजमानांना आधी हे जरा कडक वाटलं. पण आमच्या वहीत पहिलं नाव त्यांच्याच मावसभावाचं आहे. त्यांनी पूर्ण पैसे दिले, वर पावतीही मागून घेतली.