दुखरं मनगट आणि आमचा हट्ट

गेले तीन आठवडे आमचा उजवा अंगठा बांधलेला आहे. चादर पिळताना मनगटात कळ गेली होती, ती आम्ही दोन महिने अंगावर काढली. आम्ही, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा घेतलेल्या! इंदिरानगर, साठेनगरात आयाबहिणींना 'दुखणं अंगावर काढू नका' असं सांगत फिरायचं आणि घरी येऊन त्याच हाताने बादल्या उचलायच्या.

वस्तीत याला 'नस चढली' म्हणतात. पण ही नस नाही. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी असते, ती कंडरा. अंगठ्याच्या दोन कंडरा मनगटापाशी एका अरुंद नळीतून जातात. सतत कपडे पिळणं, लेकराला काखेत धरून उचलणं, पीसवर धागे कापणं, यांनी त्या नळीचं अस्तर जाड होतं आणि दोऱ्या अडकत घासतात. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे हलकेच वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी जोराची कळ आली तर बहुधा हेच दुखणं. कंडरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती सावकाश बरी होते, चार-सहा आठवडेही लागतात. जोरात चोळू नका. पट्टा अंगठ्यालाही धरून ठेवणारा हवा, नुसता मनगटाचा पट्टा फारसा उपयोगाचा नाही. बीपी, शुगर, किडनीचा त्रास असेल तर दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खाऊ नका. हात लाल, गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता खरी अडचण. 'विश्रांती घ्या' हे सांगायला सोपं. वागळे इस्टेटच्या कंपनीत ईएसआय कापला जात असेल, तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळू शकते. कार्ड पेटीत ठेवून देऊ नका, वापरा. पण घरी डझनावर माल करणाऱ्या बाईला कसली रजा? तिचा हात थांबला की मजुरी थांबते. तिच्या विश्रांतीचं काम घरातल्या कुणीतरी उचललं तरच ती विश्रांती.

तथागतांची कपिलवस्तूतली गोष्ट आम्ही विहारात कितीदा ऐकली. पाठ दुखू लागली तेव्हा त्यांनी पुढचं प्रवचन आनंदांवर सोपवलं आणि ते पहुडले. चालून चालून पाय रक्ताळलेल्या सोण भिक्खूलाही त्यांनी वीणेच्या तारांचाच दाखला दिला होता. आमच्या तारा मात्र कायम ताणलेल्या. का? खरं सांगायचं तर कष्टाळूपणापेक्षा अहंकार मोठा. आपल्यावाचून घर अडतं, मंडळ अडतं, हे ऐकायला गोड वाटतं. शिबिराचं रजिस्टर आजवर आम्हीच लिहिलं. आता हात बांधल्यावर मंडळातली एक पोरगी लिहिते, आमच्याहून सुवाच्य. तिला आधी कधी विचारलंच नव्हतं. आणि मुलगा विसाव्या वर्षात असूनही त्याला कपडे धुवायला लावलं नाही. समतेची भाषणं मात्र केली.

परवा त्याने चादर पिळली. नीट पिळली नाही, दोरीवरून अर्धा तास पाणी गळत होतं. 'दे इकडे' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. आम्ही पट्टा आवळला आणि आत जाऊन बसलो.