सेवेला निघताना आरोग्याची शिदोरी

गेल्या महिन्यातील गोष्ट. गुरुवारी रात्री दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना एक निवृत्त शिक्षक आत आले. वय पासष्ट, मधुमेह बारा वर्षांचा. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सोमवारी केनियाला निघतोय. आमच्या चर्चची मंडळी तिथल्या अनाथाश्रमात पंधरा दिवस सेवेला चालली आहे. कसलेसे इंजेक्शन घ्यावे लागते म्हणतात, तेवढे देऊन टाका."

ते 'कसलेसे इंजेक्शन' म्हणजे पीतज्वराची लस. बाकीची मंडळी पंधरवड्यापूर्वीच मुंबईला जाऊन ती टोचून आली होती. गुरुजी मात्र कपड्यांची खोकी बांधण्यात गुंतले होते, म्हणून राहिले. मी रक्तातील साखर पाहिली, ती तीनशेच्या वर. पायमोजा काढायला लावला, तर अंगठ्याखाली आठवड्याची जखम. प्रवासासाठी घेतलेल्या नव्या बुटांनी ती केली होती आणि पायाची संवेदना कमी झाल्याने गुरुजींना तिचा पत्ताच नव्हता.

मी म्हणालो, "गुरुजी, या वेळी जाऊ नका." त्यांचा चेहरा उतरला. तीन वर्षे त्यांनी या कामासाठी पैसे जमवले होते. रविवारच्या उपासनेत त्यांचे नाव घेऊन प्रार्थना झाली होती. "मी देवाच्या कामाला चाललोय, तो सांभाळील," ते म्हणाले. मी गप्प राहिलो, पण सल्ला बदलला नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. कारण चूक एकट्या गुरुजींची नव्हती. दोन महिने आधी कोणी त्यांना दवाखान्यात पाठवले असते, तर ते आनंदाने विमानात बसले असते.

आपल्या भागातून सेवाकार्यासाठी परदेशी जाण्याची परंपरा जुनी आहे. जालन्याचे रेव्हरंड नारायण शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला गेले होते आणि जालन्याजवळच्या बेथेल वसाहतीची हकिकत त्यांनी साता समुद्रापलीकडे पोहोचवली होती. त्या काळी बोटीचा प्रवास आठवडेच्या आठवडे चाले. अंगात एखादा रोग मुरत असेल, तर तो वाटेतच बाहेर पडे. आज मुंबईहून नैरोबी सहा-सात तासांवर आली आहे. ताप येण्याआधीच माणूस घरी परततो आणि रोगही त्याच्याबरोबर येतो.

पीतज्वराचेच पाहा. डास चावल्यापासून तीन ते सहा दिवसांत ताप येतो. हा रोग पसरवणारा एडिस डास आपल्याकडे भरपूर आहे. डेंग्यू करणारा तो हाच. आपल्या शहरात वर्षानुवर्षे पाणी काही दिवसांआड येत आल्याने घरोघरी टाक्या आणि पिंपे भरून ठेवण्याची सवय आहे, म्हणजे डासाची सोय आपणच करून ठेवली आहे. भारतात पीतज्वर आजवर शिरलेला नाही. म्हणूनच केनिया, युगांडासारख्या देशांतून येणाऱ्याकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवण्याचा नियम आहे. पुष्कळांना ही सरकारी कटकट वाटते. मला विचाराल तर ती आपल्याच गल्लीतल्या लेकरांची राखण आहे.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमलेल्या ठरावीक केंद्रांवरच ती मिळते आणि टोचण्याचे वारही ठरलेले असतात. प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होते. मात्र एकदा घेतली की ती जन्मभर चालते, २०१६ पासून तसा नियम झाला आहे. ती जिवंत विषाणूची लस असल्याने गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे आणि प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांना सहसा देत नाहीत. साठीपुढील माणसाला विचार करूनच द्यावी लागते. हा विचार करायला वेळ हवा. चार दिवसांत तो कसा होणार?

हिवतापाबद्दल तर आपल्याला उगीचच आत्मविश्वास असतो. "मलेरिया काय, लहानपणापासून पाहतोय," असे म्हणतात. पण आफ्रिकेतला हिवताप मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा. उपचाराला उशीर झाला, तर एक-दोन दिवसांत तो मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत जाऊन जीव घेऊ शकतो. आपल्या ओळखीची क्लोरोक्वीनची गोळी तेथे चालत नाही. नैरोबी उंचावर असल्याने शहरात धोका कमी. पण व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला उतरलात की तो फार वाढतो. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरला विचारून घ्याव्यात आणि परतल्यावरही सांगितलेले दिवस पुऱ्या कराव्यात. डॉक्सिसायक्लीन असेल, तर ती परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते. घरी पोहोचल्याच्या आनंदात गोळ्या सोडणारेच पुढे तापाने फणफणलेले पाहिले आहेत. त्याच सरोवराच्या पाण्यात गोगलगायींमार्फत पसरणारा एक कृमी असतो, तो कातडीतून शरीरात शिरतो. तेव्हा पाणी कितीही नितळ दिसो, स्नानाचा किंवा पाय बुडवून बसण्याचा मोह आवरावा.

आतापर्यंत आपल्या जिवाची काळजी सांगितली. मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू. ज्यांची सेवा करायला जायचे, त्यांना आपण काय देऊन येणार? जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला. जगभरातून मदत गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, जिथे शंभर वर्षांत पटकीची नोंद नव्हती, तिथे पटकी पसरली. नेपाळहून आलेल्या शांतिसैनिकांच्या छावणीतील मैला नदीच्या पाण्यात मिसळला होता. सुमारे दहा हजार माणसे दगावली आणि २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना हैतीच्या जनतेची माफी मागावी लागली. त्या सैनिकांच्या मनात काही वाईट नव्हते, पण केवळ हेतू चांगला असून भागत नाही. आपल्याकडे विषमज्वर आहे, क्षय आहे, गोवर आहे. दोन आठवडे खोकला असलेल्या माणसाने थुंकी तपासल्याशिवाय अनाथ मुलांना मांडीवर घेऊ नये, असे मी स्पष्टपणे म्हणतो.

औषधांचेही तसेच. घरोघरी उरलेल्या गोळ्या आणि डॉक्टरांकडचे नमुने पिशवीत भरून नेऊन वाटण्याची आपल्याकडे हौस आहे. मुदत संपत आलेली, वेष्टन फाटलेली औषधे दान म्हणून देऊ नयेत. किमान वर्षभराची मुदत शिल्लक असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९६ च्या मार्गदर्शक सूचनांतही सांगितले होते. त्यापेक्षा तेथील दवाखान्याला विचारून पैसे द्यावेत. शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ख्रिस्ती वाचकांना मी काय सांगावी? त्याच्याजवळ जखमेवर घालायला तेल आणि द्राक्षारस होता, आणि पुढची शुश्रूषा त्याने पैसे देऊन तिथल्याच उतारशाळेच्या मालकावर सोपवली होती. दया आणि तयारी एकाच माणसात असू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

म्हणून पाळकसाहेबांना आणि अशा सहली काढणाऱ्या सर्वच संस्थांना माझी विनंती आहे. यादीत नाव घालतानाच, निदान आठ आठवडे आधी, प्रत्येकाची तपासणी करून घ्या. लसींचा खर्च सहलीच्या अंदाजपत्रकातच धरा, म्हणजे गरीब माणूस संकोचाने मागे राहणार नाही. इन्सुलिन आणि रोजची औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा; खाली सामानात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. नवे बूट महिनाभर आधी घालून पाहा. परतल्यावर तीन महिन्यांत, कधीकधी वर्षभरातही, ताप आला तर डॉक्टरला पहिले वाक्य हेच सांगा, "मी आफ्रिकेतून आलो आहे." आणि ज्याला जाता येणार नाही, त्याला कमीपणा वाटू देऊ नका. खोकी बांधणाराही सेवाच करत असतो.

गुरुजी गेले नाहीत. सोमवारी रेल्वे स्टेशनवर मंडळींना निरोप देऊन परस्पर माझ्याकडे पायाची पट्टी बदलायला आले. पहिले दोन दिवस बोलले नाहीत. आता जखम भरली आहे, साखर ताब्यात येत आहे. परवा जाताना दारात थांबून विचारले, "डॉक्टरसाहेब, पुढच्या वर्षीची तपासणी कधीपासून सुरू करू?"

मी म्हणालो, "आजपासून, गुरुजी." तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हे बरे.