बीडी सोडायला गोळी? हो, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर



आमच्या बीड जिल्ह्यात एखाद्याने "बीडी सोडायची आहे" असं म्हटलं की त्याला तीन सल्ले हमखास मिळतात. बडीशेप चघळ, मन घट्ट कर आणि तौबा कर. डॉक्टरांकडे जाऊन औषध लिहून घे, हा चौथा सल्ला क्वचितच ऐकू येतो. कोणी दिलाच, तर घरातूनच आवाज उठतो, "एक व्यसन सोडायला आता गोळ्यांचं व्यसन लावून घ्यायचं का?"

मागच्या महिन्यात मोहल्ल्यातल्या एक भाभी औषधाच्या पाकिटातला इंग्रजी कागद घेऊन आमच्याकडे आल्या. शाळेत शिकवणाऱ्यांकडे असे कागद येतच असतात, कधी बँकेचे, कधी कोर्टाचे. भाभींचे मियाँ ट्रक चालवतात, वय पंचेचाळिशीच्या आत. छातीत दुखून अँजिओप्लास्टी झाली आणि घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात घराच्या मागच्या बाजूला पुन्हा बीडी पेटली. डॉक्टरांनी बीडी सोडण्यासाठी गोळ्या लिहून दिल्या होत्या. पण "या गोळीने डोकं फिरतं" असं नातेवाइकांपैकी कोणीतरी सांगितलं, म्हणून भाभींनी त्या कपाटात ठेवून दिल्या होत्या. नवऱ्याच्या हृदयात स्टेंट, खिशात बीडीचं बंडल आणि औषध कपाटात! भाभींना एवढंच जाणून घ्यायचं होतं, ही गोळी द्यायची की नाही?

गोळीचं नाव व्हॅरेनिक्लिन. तंबाखूतलं निकोटिन मेंदूतल्या ज्या जागांवर जाऊन बसतं, त्याच जागांवर ही गोळी बसते. ती त्या जागा थोड्याशाच जाग्या ठेवते, म्हणून तलफेचा जोर कमी होतो. आणि जागा आधीच भरलेली असल्यामुळे मध्येच कोणी बीडी ओढली तरी तिची पहिल्यासारखी मजा येत नाही. हे औषध २००६ साली अमेरिकेत मंजूर झालं. त्याची मूळ कल्पना एका झाडातल्या सायटिसिन नावाच्या द्रव्यावरून आली. बल्गेरियात त्या द्रव्याच्या गोळ्या १९६० च्या दशकापासून सिगारेट सोडण्यासाठी वापरल्या जात होत्या.

डोकं फिरण्याची भीती अगदीच हवेतली नव्हती. सुरुवातीच्या वर्षांत काही रुग्णांमध्ये उदासी आणि चिडचिड वाढल्याच्या तक्रारी आल्या आणि २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पाकिटावर कडक इशारा छापायला लावला. पुढे १६ देशांतल्या आठ हजारांहून अधिक लोकांवर मोठी तपासणी झाली. त्यांच्यापैकी निम्म्यांना आधीपासून मानसिक आजार होता. नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत या औषधाने असा त्रास लक्षणीय वाढल्याचं दिसलं नाही. २०१६ च्या डिसेंबरमध्ये तो कडक इशारा काढून टाकण्यात आला. इशाऱ्याची बातमी गावोगाव पोहोचली, तो मागे घेतल्याची मात्र पोहोचली नाही. बातम्यांचं असंच असतं.

तरीही मनाचा आजार पूर्वी झाला असेल तर डॉक्टरांना सांगायचं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तोही सांगायचा, कारण मग मात्रा कमी करावी लागते. गरोदर बाईने ही गोळी घ्यायची नाही. नेहमी जाणवणारा त्रास म्हणजे मळमळ आणि रात्री पडणारी विचित्र, ठळक स्वप्नं. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर गोळी घेतली की मळमळ बरीच कमी होते.

घेण्याची पद्धत अशी. पहिले तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी, पुढचे चार दिवस तीच सकाळ-संध्याकाळ, आणि आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅमची दोनदा. एकूण बारा आठवडे. आमच्या लोकांना सर्वांत नवल वाटतं ते याचं, की पहिल्या आठवड्यात बीडी चालू असली तरी चालते. बीडी बंद करण्याचा दिवस दुसऱ्या आठवड्यातला ठरवायचा आणि तो घरात सगळ्यांना सांगून ठेवायचा. दुसऱ्या आठवड्यानंतर "आता सुटली" म्हणून गोळी बंद करणारे फार. टीबीच्या औषधांचं जे होतं तेच इथेही होतं.

दुसरं औषध ब्युप्रोपिऑन. हे मुळात उदासीवरचं औषध. तलफ कमी करण्यासाठी ते साधारण सात ते बारा आठवडे देतात. मिरगी असलेल्याला, पूर्वी कधी झटका आलेल्याला ते चालत नाही. त्याने तोंड कोरडं पडतं, झोप उडते. तिसरा मार्ग निकोटिनचे गम आणि पट्ट्या. दोन मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, चार मिलिग्रॅमच्याला चिठ्ठी लागते. पण गम मुलांच्या च्युइंगमसारखा चघळत बसलं की उचक्या लागतात, पोटात ढवळतं, आणि माणूस "आपल्याला मानवत नाही" म्हणून फेकून देतो. तो हळू चावायचा, जिभेला झणझण लागली की गालात दाबून ठेवायचा, झणझण गेली की पुन्हा चावायचा. असा अर्धा तास. त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा नको. चहा नको म्हटल्यावर बीडमध्ये काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे, पण तेवढं सांभाळावं लागेल.

कोणाला कोणतं औषध लागेल हे डॉक्टर ठरवतील. ते एक प्रश्न नक्की विचारतात: सकाळी जाग आल्यावर पहिली बीडी किती वेळात पेटते? अर्ध्या तासाच्या आत, फजरच्या वुजूआधीच पेटत असेल तर तलफ खोलवर रुजलेली आहे असं समजायचं. अशा माणसाला "मन घट्ट कर" एवढंच सांगणं म्हणजे ताप मोजून औषध न देण्यासारखं आहे.

"अहो, रमजानमध्ये दिवसभर ओढत नाही ना, मग मनात आणलं तर सोडता येत नाही का?" हा सवाल आम्हाला नेहमी विचारला जातो. रोजेदार तेरा-चौदा तास बीडीशिवाय राहतो हे खरं, आणि ही ताकद छोटी नाही. पण निकोटिन रक्तातून दर दोन तासांनी साधारण निम्मं होत जातं. मगरिबपर्यंत मेंदूतल्या त्या सगळ्या जागा रिकाम्या आणि भुकेल्या होतात. म्हणून खजूर, पाणी आणि लगेच बीडी. ती पहिली बीडी सर्वांत गोड लागते आणि सवय आणखी पक्की करून जाते. मग तरावीहपर्यंत दिवसभराचा हिशेब भरून निघतो. जे नेटाने रात्रीही आवरतात, ते ईदच्या दिवशी दोस्तांत बसले की घसरतात.

आमचं मत असं की शाबानच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांकडे जावं. तेव्हा औषध सुरू केलं तर बारा आठवडे शव्वालच्या अखेरीस संपतात. म्हणजे अख्खा रमजान आणि ईदचा तो घसरणीचा दिवस औषधाच्या आधाराने पार पडतो. व्हॅरेनिक्लिन दोनदा घ्यायचं असतं, इफ्तारनंतर आणि सहरीला. दोन्ही वेळा पोटात अन्न असतं. तरी दोन गोळ्यांमधलं अंतर डॉक्टरांना विचारून ठरवा. गम अर्थातच रोजात चालणार नाही. त्वचेवरच्या औषधी पट्ट्यांनी रोजा तुटत नाही, असा ठराव जेद्दाह इथे १९९७ साली आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने केला आहे. निकोटिनच्या पट्टीबद्दल मात्र आपल्या मुफ्ती साहेबांना विचारून घ्या.

आणि औषध घेणं म्हणजे इमान कच्चं, हे कोणी शिकवलं? आजार झाला तर इलाज करावा, हे तर आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. साखरेच्या आजाराला गोळी घेताना कोणी तौबा पुरेशी मानत नाही. तौबा जरूर करावी, तिच्याबरोबर चिठ्ठीही घ्यावी. शंभर जण कोणत्याही औषधाशिवाय सोडायला निघाले तर सहा महिन्यांनंतर साधारण सहा जण टिकतात, व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्यांपैकी चौदाच्या आसपास. म्हणजे दुपटीहून जास्त. उरलेले शहाऐंशी जण पुन्हा ओढू लागतात हेही त्यातच आलं, म्हणून एकदा घसरलेल्या माणसाला घरात टोमणे नकोत. बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सोडतात.

आता भगिनींसाठी थोडं स्पष्ट बोलतो. बीडीवरून नवऱ्याला बोलणाऱ्या कितीतरी घरांत सकाळी चुलीजवळ मिश्रीची डबी उघडते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, दातांसाठी म्हटलं म्हणून ती मंजन होत नाही. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि २४.४ टक्के बिनधुराची तंबाखू वापरणारे. आपला खरा आजार तोंडातला आहे. म्हणूनच २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची पहिली मार्गदर्शिका काढली, तेव्हा खाण्या-लावण्याच्या तंबाखूसाठीही व्हॅरेनिक्लिन किंवा निकोटिनचे गम-पट्टी यांची शिफारस केली. घरात बाई शरमेने सांगत नाही, म्हणून तिला कोणी विचारतही नाही. विचारा.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी दिवाळीच्या तोंडावर औषध सुरू करू नये. कारखान्याच्या फडात, कोपीवर, दर महिन्याला डॉक्टर कुठून आणणार? गावी परतल्यावर उन्हाळ्यात सुरू करावं.

गोळी चालू झाल्यावर चहाचं एक ध्यानात ठेवा. बीडीच्या धुरामुळे शरीर चहातलं कॅफिन भराभर निकालात काढत असतं. धूर थांबला की तोच चार कपांचा चहा दुप्पट लागू पडतो. धडधड, चिडचिड, झोप न येणं सुरू होतं आणि दोष गोळीला दिला जातो. चहा निम्मा करा. दमा किंवा मनाच्या आजारावरची औषधं चालू असतील तर त्यांचाही डोस बदलावा लागू शकतो. साखरेसाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर तपासत राहावं.

त्या भाईंच्या गोळ्या आता कपाटातून बाहेर आल्या आहेत. पाचवा आठवडा चालू आहे. दोनदा ओढली, भाभींना सांगून ओढली, असं भाभीच म्हणाल्या.

डॉक्टर कुठे गाठायचे? अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात केस पेपर काढताना "तंबाखू सोडायची आहे" असं स्पष्ट सांगा. नुसता खोकला सांगितला तर खोकल्याचंच औषध मिळेल. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय गोळी दिली तरी घेऊ नका. आणि जायला जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर बीडीच्या बंडलावरच छापलेला असतो. फोन फुकट आहे. मराठीत बोलणारे मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या केंद्रात बसतात. सकाळी आठ ते रात्री आठ, सोमवारी बंद.