भर उन्हात दिसणारा लेझर? साफ खोटे!

टेक्सासात पिस्तुलांच्या दुकानात लेझर साइटच्या, म्हणजे लक्ष्यावर ठिपका पाडून नेम दाखवणाऱ्या उपकरणाच्या, खोक्यांवर हमखास छापलेले असते, 'भर उन्हात दिसतो'. ही धूळफेक आहे. जिथे जिवाचा प्रश्न येतो अशा वस्तूबाबत ती चालते, म्हणून मला तिची चीड येते. माझ्या ओळखीच्या मराठी घरांतही आता पिस्तुले आली आहेत, तेव्हा हे मराठीतच सांगायला हवे.

दुकानदार ठिपका दाखवतो तो ट्यूबलाइटखाली, पाच पावलांवरच्या भिंतीवर. तिथे काहीही चमकते. बाहेरचा हिशेब वेगळा आहे. अमेरिकेच्या नियमांनुसार अशा लेझरची शक्ती ५ मिलिवॉटपेक्षा जास्त असता कामा नये. दुपारचे ऊन असते सुमारे १ लाख लक्स. ५ मिलिवॉटचा हिरवा किरण मीटरमागे एक मिलिमीटर फाकत गेला, तर २५ मीटरवर त्याचा ठिपका अडीच सेंटिमीटरचा होतो आणि तेवढ्या जागेत उजेड वाढतो जेमतेम ६ हजार लक्सने. उन्हाच्या सहा टक्के! ६५० नॅनोमीटरचा स्वस्त लाल घेतलात तर एक टक्कासुद्धा नाही.

हिरवा लालापेक्षा बरा, हे मान्य. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तल्लख असतो, म्हणून तेवढ्याच शक्तीचा ५३२चा हिरवा ६५०च्या लालापेक्षा आठपट प्रखर वाटतो. लालच हवा असेल तर निदान ६३५चा घ्या, तो ६५०च्या दुप्पट उजळ दिसतो. पण ५३२चा हिरवा अवरक्त किरणाला स्फटिकातून नेऊन तयार होतो आणि कडाक्याच्या थंडीत मंदावतो. थेट ५२० नॅनोमीटरचा डायोड असलेला त्यापेक्षा भरवशाचा. हे खोक्यावर ठळक छापा ना! तिथे छापतात काय, तर यार्डांचे मोठमोठे आकडे.

लोक तरीही या ठिपक्याला भुलतात, ते सिनेमामुळे. 'द टर्मिनेटर' १९८४ साली आला. त्यातल्या पिस्तुलावरच्या लेझरची वायर श्वार्झनेगरच्या जाकिटात लपवलेल्या बॅटरीपर्यंत गेली होती. त्यात एका क्लबच्या अंधारात नायिकेच्या कपाळावर पडलेल्या त्या लाल ठिपक्याची मोहिनी अजून उतरलेली नाही.

खोक्यावरच्या खोट्या दाव्यांहून संतापजनक म्हणजे 'उन्हासाठी खास' म्हणून ५० नि १०० मिलिवॉटचे लेझर विकणारे. असा किरण खिडकीच्या काचेवरून परतला, तर पापणी मिटण्याआधी डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकतो. तो डोळा तुमच्या मुलाचाही असू शकतो. हा व्यापार नव्हे, गुन्हा आहे.

उन्हात ठिपका शोधणारा माणूस नळीवरची माशी विसरतो, आणि तेच क्षण मोलाचे असतात. शिवाय लेझर नळीच्या खाली बसतो. त्याची रेषा गोळीच्या वाटेशी एखाद-दुसऱ्या अंतरावरच जुळते. उघड्यावर नेम धरायचाच असेल तर रेड डॉट घ्या. त्याचा ठिपका लक्ष्यावर पडत नाही, भिंगातच दिसतो आणि उन्हाप्रमाणे उजळवता येतो. लेझरची जागा घरातल्या अंधारात.

तरीही घ्यायचाच असेल तर दुकानदाराला सांगा: पिस्तुलावर न चढवता, भर दुपारी बाहेर आणा आणि उन्हातल्या भिंतीवर २५ मीटरवरून दाखवा. त्याने टाळाटाळ केली, तर पैसे खिशातच ठेवा.