‘जीटी-आर’चा विराम आणि निस्सानपुढचा प्रश्न

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस जपानमधील तोचिगी येथील कारखान्यातून निस्सानची अखेरची ‘जीटी-आर’ बाहेर पडली. ‘आर३५’ या सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पिढीचे उत्पादन अठरा वर्षे चालले आणि तेवढ्या अवधीत सुमारे ४८ हजार गाड्या तयार झाल्या. भारतातील सर्वांत मोठी मोटार कंपनी महिन्याभरात याच्या तिप्पट गाड्या सहज विकते. तरीही या मोटारीच्या निरोपाची दखल जगभर घेतली गेली. निस्सान या कंपनीची ओळख अनेकांच्या मनात याच एका गाडीशी जोडलेली आहे, आणि आज ती कंपनीच अस्तित्वाच्या विवंचनेत आहे.

‘जीटी-आर’चे मूळ निस्सानमध्ये नाही, हे बहुधा विस्मृतीत जाते. ‘स्कायलाइन’ ही मोटार १९५७ मध्ये बाजारात आणली ती प्रिन्स या वेगळ्या कंपनीने. युद्धोत्तर काळात विमाननिर्मितीवर बंदी आल्यावर मोटारींकडे वळलेले अभियंते हा या कंपनीचा पाया. १९६४ मध्ये सुझुका येथील दुसऱ्या जपान ग्रां प्रीसाठी प्रिन्सने एक धाडसी प्रयोग केला. ‘ग्लोरिया’ या मोठ्या मोटारीचे सहा सिलिंडरचे इंजिन स्कायलाइनमध्ये बसवायचे, तर जागा अपुरी पडत होती. म्हणून अभियंत्यांनी गाडीचे नाकच २०० मिलिमीटरने लांबवले. त्या शर्यतीत खास धावण्यासाठी घडवलेली ‘पोर्शे ९०४’ जिंकली. पण तिला एका फेरीपुरते का होईना, मागे टाकणारी गाडी जपानी होती, आणि दुसऱ्या ते सहाव्या क्रमांकावर पाचही स्कायलाइनच होत्या. पराभवाच्या पोटी जन्मलेली अशी दंतकथा विरळाच.

त्यानंतर दोनच वर्षांत प्रिन्स कंपनी इतिहासजमा झाली. आयात खुली झाल्यावर परदेशी कंपन्यांपुढे टिकाव लागावा म्हणून जपानी सरकार मोटार उद्योगाच्या एकत्रीकरणाचा आग्रह धरत होते. त्या वाऱ्यात ऑगस्ट १९६६ मध्ये प्रिन्स निस्सानमध्ये विलीन झाली. नाव गेले, अभियंते राहिले. प्रिन्सच्या ‘आर३८०’ या शर्यतीच्या गाडीच्या इंजिनावरून विकसित केलेले दोन लिटरचे, १६० अश्वशक्तीचे इंजिन स्कायलाइनमध्ये आले आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये पहिली ‘स्कायलाइन जीटी-आर’ विक्रीस निघाली. पुढील तीन-चार वर्षांत जपानी शर्यतींतील तिच्या विजयांची संख्या पन्नासच्या घरात पोहोचली.

पुढचा इतिहास खंडांचा आहे. १९७३ ची दुसरी पिढी प्रदूषणाचे कडक निकष आणि तेलसंकट यांच्या कात्रीत सापडून अवघ्या १९७ गाड्यांवर थांबली. तब्बल सोळा वर्षांनी, १९८९ मध्ये ‘आर३२’ अवतरली: दोन टर्बो, चारही चाकांना गरजेनुसार शक्ती पुरवणारी यंत्रणा, आणि जपानच्या ‘ग्रुप ए’ शर्यतींत २९ पैकी २९ विजय. ऑस्ट्रेलियन पत्रकारांनी तिला ‘गॉडझिला’ म्हटले ते याच काळात. ‘आर३३’ आणि ‘आर३४’ यांनी तो वारसा सांभाळला, पण २००२ मध्ये उत्सर्जनाच्या नव्या नियमांनी पुन्हा पूर्णविराम दिला.

‘आर३५’चा शेवटही मागणी आटल्याने झाला असे म्हणता येत नाही. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये बाजूच्या धडकेविषयीचे नियम आड आले, युरोपात २०२२ मध्ये आवाजाची मर्यादा. नऊ निष्णात कारागिरांनी हातांनी जोडलेली इंजिने आणि त्यांवर कारागिराच्या नावाची पट्टी, ही कौतुकाची बाब खरी. पण २००७ मधील आराखडा दरवर्षी नव्या कायद्यांत बसवणे हा महागडा खटाटोप होता. जपानमध्ये सुरुवातीला ७७ लाख ७० हजार येनला मिळणारी ही मोटार अखेरच्या आवृत्तीत किमान सुमारे १ कोटी ४४ लाख येनवर पोहोचली.

यापूर्वीच्या विरामानंतर पुनरागमन कसे झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरील निस्सानला रेनोने १९९९ मध्ये सावरले. कार्लोस घोन यांनी कठोर कपात केली. प्रिन्सचा वारसा असलेला मुरायामा कारखाना २००१ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी टोकियोतील प्रदर्शनात नव्या ‘जीटी-आर’ची संकल्पना मांडली गेली. म्हणजे या गाडीचे पुनरागमन कंपनीच्या आर्थिक पुनरुज्जीवनाची निशाणी म्हणून योजले गेले होते.

आज परिस्थिती पुन्हा तशीच, किंबहुना अधिक बिकट आहे. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात निस्सानला सुमारे ६७ हजार कोटी येनचा तोटा झाला. वीस हजार नोकऱ्या कमी करण्याचा आणि १७ कारखान्यांवरून दहावर येण्याचा निर्णय झाला. १९६१ पासूनचा ओप्पामा कारखानाही त्यात आहे. भारतापुरते बोलायचे, तर चेन्नईजवळच्या संयुक्त कारखान्यातील आपला हिस्सा निस्सानने रेनोच्या स्वाधीन केला. २०१६ मध्ये १ कोटी ९९ लाख रुपयांना ‘जीटी-आर’ भारतात आणणाऱ्या कंपनीचा हा प्रवास बोलका आहे.

होंडाशी एकत्र येण्याची बोलणी फेब्रुवारी २०२५ मध्ये फिसकटली. निस्सानने आपली उपकंपनी व्हावे, हा होंडाचा प्रस्ताव स्वाभिमानाला मानवला नाही. पण ‘जीटी-आर’ स्वतःच एका गिळंकृत झालेल्या कंपनीची देणगी आहे. प्रिन्सने स्वातंत्र्य गमावले, तरी तिची विद्या विलीनीकरणानंतर अधिक बहरली. असे असताना स्वतंत्र राहूनच हा वारसा जपता येईल, असे गृहीत धरण्यास आधार काय?

मुख्य कार्यकारी अधिकारी इव्हान एस्पिनोसा यांनी ‘जीटी-आर’ परत येईल असे सांगितले असले, तरी वेळापत्रक दिलेले नाही. २०२३ मध्ये दाखवलेली ‘हायपर फोर्स’ ही विजेवरची संकल्पना घन विद्युतघटाच्या बॅटरीवर विसंबून आहे. त्या बॅटरीची प्रायोगिक निर्मिती योकोहामा येथे सुरू झाली आहे. त्याच शहरातील आपले मुख्यालय निस्सानने ९,७०० कोटी येनना विकून भाड्याने घ्यायचे ठरवले आहे.